थंडीतला स्वयंपाक : कडू झालेली बाजरी, न धुतलेला हरभरा आणि मुलीचा डबा

प्रश्न : बिंदुसरा (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. आमच्या घरात आम्ही दोघे, नववीत शिकणारी मुलगी आणि सासूबाई अशी चार माणसे आहोत. सासूबाईंना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या महिन्यात मुलीचे रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन १०.२ आले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि आहाराकडे लक्ष द्यायला सांगितले; पण लक्ष द्यायचे म्हणजे ताटात नेमके काय वाढायचे, हे विचारेपर्यंत पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले गेले. मोबाइलवर हिवाळ्यातील आहार शोधला, तर मक्याची रोटी, सरसोंचा साग, ब्रोकोली आणि अव्होकॅडो एवढेच समोर येते. माझे माहेर औसा तालुक्यातले आणि सासर बीडचे. सरसोंचा साग या दोन्ही घरांनी कधी पाहिलेला नाही. उलट आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या मावशींकडे दिवाळीनंतर हिरव्या भाज्यांचे जे ढीग लागतात, त्यांतील निम्म्या भाज्या मी माहेरी खाल्लेल्या आहेत, मात्र त्या करायच्या कशा, हे आईकडून वेळेवर शिकून घेतले नाही.

दिवाळीत गिरणीतून पाच किलो बाजरी दळून आणली. पहिल्या आठवड्यात भाकरी गोड लागली. तिसऱ्या आठवड्यात पीठ कडू झाले आणि थापताना भाकरीला कडेने चिरा पडू लागल्या. यात दोष बाजरीचा, गिरणीचा की माझ्या हाताचा? दुसरी शंका हरभऱ्याच्या कोवळ्या भाजीची आहे. धुतली की तिची चव जाते, म्हणून ती नुसती निवडून घ्यायची, असे आई सांगत असे. आता मावशी स्वतःच धुऊन घ्यायला सांगतात. तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. गुळात केलेले डिंकाचे लाडू मधुमेहाला चालतात, असे सासूबाईंच्या भजनी मंडळाचे ठाम मत आहे आणि माझ्या नकारामुळे घरात थोडी धुसफूस सुरू आहे. शेवटचा प्रश्न मुलीच्या डब्याचा. ती सकाळी चहा-पोळी खाऊन शाळेत जाते आणि डब्यातली पालेभाजी जशीच्या तशी परत आणते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर : मांजराकाठ (लातूर)

ताई, दोष आपल्या हाताचा नाही आणि गिरणीचाही नाही. एका वेळी पाच किलो दळले, एवढेच चुकले. बाजरीत तेलाचा अंश ज्वारी-गव्हापेक्षा बराच जास्त, म्हणजे शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅमच्या आसपास असतो. दाणा अखंड आहे तोवर ते तेल सांभाळून राहते. दाणा फुटला की त्यातलीच एन्झाइम तेलाचे विघटन करू लागतात आणि पीठ आधी खवट व मग कडू होते. आमच्याकडे ज्वारीचे दळण पंधरा दिवसांचे आणि बाजरीचे आठवड्याचे, असा रिवाज होता. चार माणसांना रात्रीच्या भाकरीसाठी आठवड्याला सव्वा ते दीड किलो पुरते. एवढे लहान दळण घ्यायला गिरणीवाला कुरकुर करतो, पण ज्वारीच्या दळणामागे नंबर लावला तर त्याची अडचण होत नाही आणि आपल्या पिठात गहूही मिसळत नाही. उरलेली बाजरी दाण्याच्या रूपात कोरडी ठेवावी. पीठच ठेवायची वेळ आली, तर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावे.

चिरा पडण्याचे कारण वेगळे आहे. गव्हातील ग्लुटेन कणकेला ताणून धरते. बाजरीत ते नाही, ज्वारीतही नाही. भाकरीला धरून ठेवते ती पिठातील विरी, आणि पीठ जुने झाले की विरी जाते. ताज्या पिठालाही मदत लागते. पाणी चांगले कडकडीत तापवून थोडे पिठात घालावे, उलथन्याने कालवावे, झाकून दोन मिनिटे थांबावे आणि हात सोसवेल इतपत निवाले की रगडायला घ्यावे. येथे घाई करू नये. एका वेळी एकाच भाकरीपुरते पीठ घेऊन ते तळहाताच्या मुळाने लोण्यासारखे मऊ होईपर्यंत रगडावे. चार भाकऱ्यांचे पीठ एकदम मळून ठेवले, तर चौथी भाकरी हमखास चिरते. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा आणि ते पाणी पुरते सुकण्याआधी भाकरी उलटावी. भोगीला तर तीळ लावूनच भाकरी करायची असते, पण तिळासाठी भोगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपले माहेर औशाकडचे, म्हणजे वेळा अमावस्या मी आपल्याला समजावून सांगणे बरे दिसणार नाही. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर शहरातले रस्ते ओस पडतात आणि सगळे गणगोत रानातल्या कडब्याच्या खोपीजवळ जेवायला बसते. त्या जेवणातली भज्जी ही वर्षातून एकदाच करायची वस्तू आहे, असे मात्र कोणी ठरवलेले नाही. तुरीचे, हरभऱ्याचे आणि वाटाण्याचे ओले दाणे प्रत्येकी एक वाटी, अर्धी वाटी भिजवलेले शेंगदाणे, गाजराच्या फोडी, मूठभर मेथी आणि तेवढाच चुका घ्यावा. दाणे व शेंगदाणे आधी वाफवून घ्यावेत. ओला लसूण व हिरव्या मिरच्या भरडून थोड्या तेलात जिऱ्यासह परताव्यात, हळद घालावी, मग भाज्या आणि दाणे घालून शेवटी ताकात कालवलेले पाच-सहा चमचे बेसन ओतावे. बेसन शिजेपर्यंत मंद आचेवर ढवळत राहावे, नाहीतर ते तळाला धरते. पालेभाजी परत आणणारी आमची नात भज्जीतली मेथी निमूटपणे खाते, कारण तिला ती वेगळी काढता येत नाही. सोबत ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील करावी. बिंदगी, म्हणजे आंबिलीचा मातीचा लहान माठ, नसली तरी स्टीलच्या पातेल्यातही ती चांगली लागते, फक्त माठाचा गारवा मिळत नाही.


उत्तर : पूर्णा (परभणी)

मी शेतकरी आहे आणि दरवर्षी हरभरा घेतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. आपल्या आईंचे म्हणणे त्यांच्या काळी बरोबर होते. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि तिच्यातून मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले पाझरतात. यालाच आपण आंब म्हणतो. पहाटे पिकावर स्वच्छ फडके अंथरून, दवासोबत ती शोषून घेऊन, पिळून बाटलीत भरून ठेवणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. भाजीची आंबट-खारट चव याच आंबेची असते आणि धुताना तिच्यातला काही भाग निघून जातो, हेही खरे. मात्र आज घाटेअळीसाठी फवारणी न करणारा शेतकरी क्वचितच सापडेल, आणि मीही त्याला अपवाद नाही. तेव्हा वाहत्या पाण्याखाली भाजी दोन-तीनदा धुवावी आणि गेलेली चव चुक्याच्या चार पानांनी किंवा लिंबाने भरून काढावी.

बाजारात पाहून ओळखण्याची एक खूण सांगतो. पेरणीनंतर साधारण महिन्याने आम्ही शेंडे खुडतो, त्यामुळे झाडाला फांद्या जास्त फुटतात आणि भाजीही मिळते. फवारण्यांचा मुख्य हंगाम त्यानंतर, फुले आणि घाटे धरताना सुरू होतो. भाजीच्या ढिगात कळ्या किंवा फुले दिसू लागली की त्या वर्षापुरती हरभऱ्याची भाजी बंद करावी आणि ढाळ्यांची वाट पाहावी. ढाळ्यांमध्ये दाणा घाट्याच्या आत असतो; सोलून खा किंवा आगीवर भाजून हुळा करा.

करडईची भाजीही अशीच अल्पायुषी असते. विरळणीत उपटलेली कोवळी रोपे डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत मिळतात. पुढे पानांना काटे धरू लागतात. मेथी, पालक, शेपू, चाकवत आणि कांद्याची पात फेब्रुवारीपर्यंत स्वस्त असतात. पाथरी कोणी पेरत नाही, ती ज्वारीच्या रानात आपोआप उगवते. शहरात ती दिसली तर दर न विचारता घ्यावी आणि कच्चीच खावी. जानेवारीपासून वसमत भागातली हळद निघू लागते, जिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा ओली हळद घेऊन लिंबू-मीठ लावून लोणचे घालता येते. आणि ज्वारीबद्दल एक माहिती : आमच्या येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण २०१८ मध्ये दिले आहे. ओळखीचा शेतकरी ते घेत असेल, तर विचारून पाहावे. खरिपात सोयाबीनने ज्वारीची जागा कधीच घेतली आहे, त्यामुळे कोणतीही ज्वारी आता पूर्वीसारखी स्वस्त मिळेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.


उत्तर : गोदातीर (नांदेड)

मी आहारतज्ज्ञ आहे. प्रथम मुलीविषयी. या वयात हिमोग्लोबिन किमान १२ असावे लागते आणि ११ च्या खालचे प्रमाण मध्यम स्वरूपाच्या रक्तक्षयात मोडते. १०.२ वरून १२ पर्यंत केवळ भाजी-भाकरीने पोहोचता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावी. शौचाचा रंग काळा झाला किंवा पोट थोडे जड वाटले, की मुली गोळी गुपचूप बंद करतात; तिला आधीच सांगून ठेवावे की काळा रंग अपेक्षित आहे आणि पोटाचा त्रास फार वाटला, तर डॉक्टरांना सांगायचे. शाळेत आठवड्याला लोहाची एक निळी गोळी मिळत असेल, तर तिच्याविषयीही डॉक्टरांना सांगावे आणि जंतनाशक गोळी चुकवू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, म्हणजे ही तुमच्या एकट्या घराची गोष्ट नाही.

गोळीला आहाराची साथ हवी, आणि तेथे मी भाजीच्या आधी चहाकडे बोट दाखवीन. चहातील टॅनिन वनस्पतींमधल्या लोहाला धरून ठेवते आणि ते शरीरात कमी शोषले जाते. बाजरीत शंभर ग्रॅममागे सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते, पण भाकरीसोबत चहा घेतला तर त्यातले फारच थोडे पदरी पडते. उलट 'क' जीवनसत्त्व हेच शोषण वाढवते. थंडीत आवळा, पेरू, लिंबू आणि बोरे हाताशी असतात. अर्धा कच्चा आवळा मीठ लावून जेवणासोबत दिला तरी काम होते. मुरांबा चवीला चांगला असतो, पण शिजवताना 'क' जीवनसत्त्व घटते आणि साखर वाढते. तेव्हा सकाळी चहाऐवजी ताक किंवा नुसते पाणी द्यावे आणि चहा हवाच असेल, तर तो शाळेतून आल्यावर, जेवणापासून निदान एक तास दूर ठेवावा.

डब्यासाठी मेथी घालून केलेले ज्वारीचे धपाटे, सोबत दही नको तर कारळाची किंवा तिळाची चटणी आणि पेरूची फोड एवढे पुरेसे आहे. आदल्या रात्रीची सुकी उसळ डब्यात देताना वरून लिंबू पिळावे. रात्री शेंगोळे करता येतील. हुलग्याचे पीठ, त्यात थोडे ज्वारीचे, भरपूर लसूण आणि पातळ रस्सा. थंडीच्या रात्री पालेभाजीपेक्षा हे मुलांना अधिक आवडते आणि हुलग्यात शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात.

आता लाडू. भजनी मंडळाचे म्हणणे मान्य करता येत नाही. गुळात थोडी खनिजे असली तरी तो मुख्यतः साखरच आहे आणि रक्तातील साखर त्याने वाढतेच. डिंक, खोबरे आणि तूप त्यात मिसळले म्हणून गूळ बदलत नाही. परंतु पूर्ण नकार दिला की वयस्कर माणसे लपवून खातात, आणि लपवून खाल्लेल्या लाडवाचा हिशोब कोणाकडेच नसतो. सुपारीएवढे लाडू वळावेत, जेवणाच्या शेवटी आठवड्यातून एखादाच द्यावा, त्या जेवणात भाकरी चतकोर कमी करावी आणि दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर तपासून त्यांना स्वतःला आकडा पाहू द्यावा. आपल्यापेक्षा त्या आकड्याचे त्या जास्त ऐकतील. भाकरीविषयीही एक गैरसमज आहे. ज्वारी-बाजरी मधुमेहाला चांगली म्हणून चार भाकऱ्या खाणारे रुग्ण माझ्याकडे येतात. दोन्हीतही शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात. गव्हाच्या पोळीऐवजी भाकरी ठीक, पण मोजूनच.


उत्तर : आगटी (बीड)

वरील उत्तरे उपयुक्त आहेत, तरीही एका गोष्टीची मला हरकत आहे. पूर्वीचे ताट म्हणजे आरोग्याचे भांडार होते, असा सूर अशा चर्चेत हळूच शिरतो. मी १९७२ च्या दुष्काळात नववीतच होतो. त्या वर्षी आम्ही परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली आणि तिच्या भाकरीची चव अजून विसरलेलो नाही. पाथरी, घोळ, तांदुळजा या भाज्या ताटात असत, कारण त्यांना पैसे पडत नसत. हुरड्याच्या आगटीभोवतीही बायका शेवटी बसत. घरातले पुरुष, पाहुणे आणि मुले उठल्यावर जो हुरडा निवून कडक झालेला असे, तो त्यांच्या वाट्याला येई. आमच्या आईच्या हिमोग्लोबिनचा आकडा आमच्यापैकी कोणालाही माहीत नाही, कारण तो कोणी मोजलाच नाही.

हे लिहिण्याचे कारण असे, की ताईंनी प्रश्नात सासूबाईंची साखर आणि मुलीचे रक्त सांगितले; स्वतःचे काही सांगितले नाही. मुलीच्या आधी किंवा मुलीबरोबर आपलेही रक्त तपासून घ्यावे आणि आठवड्यातून दोन-चार दिवस तरी भाकरी थापण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे देऊन आपण पहिल्या पंगतीला बसावे. गरम भाकरी थापणाऱ्या बाईला गरम भाकरी मिळत नाही, हे आपल्याकडे इतके सवयीचे झाले आहे, की ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता हुरड्याचेही सांगून टाकतो, कारण संभाजीनगरकडच्या लोकांना तो हॉटेलसारखा थाळीत मिळतो. कणीस चिकात असताना, म्हणजे दाणा दाबल्यावर दुधासारखा चीक येतो पण तो वाहून जात नाही, अशा बेताने भाजावे लागते. गूळभेंडी किंवा सुरती हुरडा गोड असतो, कारण त्या अवस्थेत दाण्यात साखर जास्त असते; मधुमेहींनी हे ध्यानात घ्यावे आणि सोबतचा गूळ सोडावा. घरी आणलेला दाणा लोखंडी तव्यावर झाकण न ठेवता परतला, तर बरा लागतो. गोवऱ्यांच्या धुराचा वास त्याला येत नाही, त्याला इलाज नाही.


प्रतिसाद : बिंदुसरा (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही, असे ठरवले होते. दीड किलोचे दळण गिरणीवाल्याने पहिल्यांदा नाकारले. ज्वारीमागे नंबर लावते म्हटल्यावर घेतले. गरम पाण्याने आणि एकेका भाकरीचे पीठ रगडून चिरा बंद झाल्या आहेत, मात्र वेळ दुप्पट लागतो. भज्जी मुलीने खाल्ली, दुसऱ्या दिवशी गरम करून पुन्हा मागितली. तिचा सकाळचा चहा सुटायला आठ दिवस लागले आणि त्या आठ दिवसांत घरातले वातावरण फारसे चांगले नव्हते. सासूबाईंनी लाडवानंतरचा २४० हा आकडा स्वतः चष्मा लावून वाचला. त्यांनी भजनी मंडळात काय सांगितले, ते मला कळलेले नाही, पण उरलेले लाडू त्यांनी आपण होऊन मुलीच्या डब्यात घालायला दिले.

'आगटी' यांच्या सांगण्यावरून माझेही रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९.८ आले, म्हणजे मुलीपेक्षाही कमी. आता आम्ही दोघी एकाच वेळी गोळी घेतो. रविवारी भाकरी यजमान थापतात. त्या गोल होत नाहीत, पण मी ताटावर बसलेली असते तेव्हा गरम येतात.

एक लहानशी शंका राहिली आहे. काल करडईची भाजी मुगाची डाळ घालून केली, पण ती कडवट आणि खरखरीत झाली. जून भाजी घेतली गेली की करण्यात चूक झाली?


उत्तर : मांजराकाठ (लातूर)

जून होती. पान कडेने दोन बोटांत दाबून पाहायचे. जराही टोचले तर ती भाजी घ्यायची नाही. आता या वर्षी करडई संपली असे समजावे आणि चाकवताची पातळ भाजी करावी. तिला ताक, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि वरून लसणाची फोडणी लागते. आणि ९.८ आहे, तर रविवारबरोबर बुधवारीही यजमानांनाच थापू द्या.